काजूच्या दिवसांतली बेटं

परवा पेडण्याहून स्कूटरवरून घरी येताना पार्श्याच्या वळणावर तो वास आला आणि मी ब्रेकच दाबला. पिकून गळालेल्या काजूबोंडांचा वास. गोड, आंबूस, थोडासा डोक्यात चढणारा. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला, "काय गो बाय, न्हीद पडली काय?" म्हणून ओरडलाही. मी त्याला हाताने पुढे जा म्हटलं आणि स्कूटर कडेला घेऊन उभी राहिले. या वासाने बाकीच्यांना हुर्राक आठवते, काजूची पहिल्या धारेची दारू, सोड्यात लिंबू पिळून घेतलेली. मला बेटं आठवतात. पांढऱ्या वाळूची, निळ्या पाण्यातली, तेव्हा मी फक्त मोबाइलवर बघितलेली बेटं.

हसू नका. आमच्या घरात एक अख्खा काजूचा हंगाम बेटं निवडण्यात गेला आहे.

तो दीक्षाचा इथला शेवटचा हंगाम होता. दीक्षा म्हणजे आमची एकुलती एक लेक. लिस्बनला एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती. तिचे आजोबा पोर्तुगिजांच्या अमदानीत जन्मले, आणि त्या जन्माच्या आधारावर आमच्याकडची पोरं तिकडचा पासपोर्ट काढतात आणि जातात. त्यात आता नवल राहिलेलं नाही. आमच्या वाड्यावरच कितीतरी घरांची जनेलं वर्षभर बंद असतात आणि गणपतीला तेवढी उघडतात. पण नवा पासपोर्ट घेतला की आपला भारताचा परत करावा लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत. म्हणजे ज्या मुलीला मी तांदळाची पेज भरवून वाढवलं ती कायद्याने परदेशी होणार. घरात हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि तिघेही जेवताना आमटीत मीठ कमी आहे की जास्त यावर बोलत होतो.

अशात एका रविवारी काजूखाली बिया वेचताना दीक्षाने जाहीर केलं, "जायच्या आधी आपण तिघांनी समुद्राच्या तळाशी जावन येवचा. स्कुबा डायव्हिंग. माझ्या पगारातून. कोण नाय म्हणूचा नाय."

तिच्या बाबांनी हातातला बोंडू तसाच धरला. "लोकांची चेडवां आवशी-बापाशीक काशीक नेतत," ते म्हणाले, "आमचा आमका तळाक नेता."

मी हसले, पण तिने तोवर मोबाइल काढला होता. काजूच्या भाटात, म्हणजे आमच्या बागेत, रेंज एकाच जागी येते, वरच्या बाजूच्या जांभ्या दगडावर. तिथे चढून बसली आणि वाचायला लागली. लक्षद्वीप, अंदमान, मालदीव. कुठे पाणी स्वच्छ, कुठे कासवं जास्त, पोहता न येणाऱ्यालाही कुठे नीट सांभाळून खाली नेतात. आमच्या जाऊबाई कुंपणापलीकडून ऐकत होत्या. "मालवणाक होता मगे ता!" त्या म्हणाल्या. "बसने जावा, येताना माझ्या भयणीकडसून सोलां घेवन येवा." दीक्षाने कपाळाला हात लावला. तिला बेट हवं होतं, ज्याच्या चारी बाजूंना काही नाही असं बेट.

तेव्हापासून आमच्या दुपारी तशाच जायच्या. मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसते, पण काजूच्या दिवसांत मधून मधून रजा काढून घरी राहते. सकाळी गळालेली बोंडं गोळा करायची, एका हातात बोंडू आणि दुसऱ्या हाताने बी पिरगाळून काढायची, बी एका टोपलीत, बोंडू दुसरीत. बोंडं शेजारच्यांच्या भट्टीवर जातात. बियांच्या चिकाने बोटांची सालपटं निघतात आणि त्यावर खोबरेल लावून बसावं लागतं. ऊन इतकं की पानंही हलत नाहीत. आणि त्या उन्हात दगडावरून लेकीचा आवाज यायचा, "आई, हय बघ, ह्या माशाक पोपटासारखी चोच असा. तो दगड खाता आणि त्याची रेती करता." मी चिकट हात पदराला पुसून मोबाइलमध्ये बघायची. निळा-हिरवा मासा, तोंड आमच्या पतसंस्थेच्या चेअरमनसारखं. तो कचाकच दगड चावत होता. तळावरची पांढरी शुभ्र वाळू अशांनीच केलेली, म्हणे. हे ऐकल्यापासून कुठलीही वाळू बघितली की मला कोणाचे तरी दात आठवतात.

मग झालं काय, की ती बेटं घरात शिरली. पतसंस्थेत शिक्के मारता मारता माझ्या मनातून एक कासव सावकाश निघून जायचं. संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत यायचा, पोयी घ्यायला मी दारात जायची, आणि त्याच्याकडे बघता बघता वाटायचं, त्या बेटावर पाव कोण आणत असेल, होडीतून? रात्री पंख्याखाली पडलं की छपरावर काजूची पानं घासल्याचा आवाज यायचा आणि मी त्यालाच लाटा समजायची. पन्नाशी ओलांडलेली बाई मी. समुद्र आमच्या घरापासून लांब नाही, पण माझी त्याच्याशी ओळख घोट्यापुरती. मे महिन्यात खाऱ्या पाण्यात न्हायलं की वर्षभर सांधे दुखत नाहीत म्हणून केरीच्या किनाऱ्यावर आम्ही बायका जातो, एकमेकींचे हात घट्ट धरून लाटेत बसतो, ओरडतो आणि नाकातोंडात पाणी गेलं की समुद्रालाच शिव्या घालतो. त्याच्या आत काय आहे हे बघायचं असतं, असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं.

दीक्षाच्या बाबांचं मात्र पाण्याशी आयुष्यभराचं वैर. ते डिचोलीच्या खाणीवर पंपावर होते. पावसाळा लागला की खंदक भरायचा, आणि त्यांचं काम एकच, पाणी उपसत राहायचं, म्हणजे खालची माती मोकळी राहील. खाणी बंद पडल्या, पंप थांबले, आणि खंदक भरला तो भरलाच. त्याच काजूच्या दिवसांत एकदा आम्ही तिकडे एका लग्नाला गेलो होतो तेव्हा ते मला बघायला घेऊन गेले. तांबड्या डोंगराच्या पोटात एवढं मोठं हिरवं-निळं पाणी, की मी तोंडावर हात ठेवला. त्यांनी बोट दाखवलं. "थंय खाली एक काजूचा झाड होता. आमी त्याच्या सावलेक जेवणाचे डबे खायत होतो. ट्रक त्या वळणान वर येय." सगळं होतं अजून, पाण्याखाली. वळण, रस्ता, सावली पडायची ती जागा. ते बराच वेळ बघत राहिले. परत येताना म्हणाले, "माका तळ बघूचो असलो तर मी हयसर उतरान. त्यासाठी इमानात कित्याक बसूक होया?"

असा माणूस. पण लेकीच्या बेटांना त्याने कधी नाही म्हटलं नाही. उलट मन लावून बेटं बघायला लागला. संध्याकाळी ते अंगणात कदेल, आमची जुनी लाकडी खुर्ची, टाकून, चष्मा नाकावर ओढून, बोटाने नकाशा मोठा-छोटा करत बसायचे. आणि दर वेळी एकच निघायचं: लक्षद्वीप.

"लक्षद्वीपच बरां. जवळ असा. आपलां असा."

"बाबा, मालदीव सोपां पडता," दीक्षा म्हणायची. "थंयसूनच माका लिस्बनचा इमान गावता. तुमी घरी येवा, मी फुडे जातंय. एकाच फेरीत होता सगळा."

"लक्षद्वीपाक परवानो लागता. तो कागद येवक येळ लागता. तवसर रवूया."

"परवानो आपल्या माणसांक गावता, बाबा. मी नवो पासपोर्ट घेतलंय काय माका परदेशी म्हणान येगळे कागद. म्हणजे तुझ्यापायी मी नवो पासपोर्ट घेवचोच नाय?"

"घे मगे. घाई काय? आधी बेट बघूया, मगे घरी येवया, मगे बघूया."

मी टोपलीतल्या बिया उन्हात पसरत होते. माझे हात तिथेच थांबले. तोवर मला वाटत होतं, बापलेक माशांवरून भांडतायत. आता कळलं. लक्षद्वीप म्हणजे लेक आपल्या पासपोर्टवर आपल्याबरोबर जाणार आणि आपल्याबरोबर घरी परत येणार. मालदीव म्हणजे आम्ही दोघं परतणार आणि ती तिथूनच जाणार. बेट निवडायचं नव्हतंच. ती घरातून जाणार की वाटेतून जाणार हे ठरत होतं. आणि तिच्या बाबांचा हिशेब आणखी साधा होता: बेट ठरेपर्यंत पोर घरात आहे, म्हणून ते ठरवतच नव्हते. एक दिवस लाटांची उंची आडवी यायची, एक दिवस जहाजाचं वेळापत्रक. मला इतकी कीव आली त्यांची, आणि इतका रागही आला, की मी त्या दिवशी चहात साखरच घातली नाही.

मी अंदमान म्हणायला लागले. मला अंदमानचं काही ठाऊक नव्हतं. लांब आहे, झाडी दाट आहे, एवढंच. पण तिथे गेलं असतं तर दोघांपैकी कोणीच हरलं नसतं. दीक्षा माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू आमका दोघांक फसवतंस." मी म्हटलं, "मी तुझी आई असंय, ती कोणाची बाजू घेतली तरी शिव्या खातलीच."

काजूचा बहर सरत आला. बोंडं लहान पडायला लागली, झाडांखाली वाळकी पानंच जास्त. हवा दमट झाली, आंबे उतरले. आकाशात दुपारी उगीच एखादा काळा ढग यायचा आणि समुद्र खवळायच्या आधी जायचं तर आता ठरवायलाच हवं होतं. लिस्बनची तारीखही जवळ येत होती. मग तिच्या बाबांनी आमच्याकडची माणसं अडल्यावर जे करतात ते केलं. म्हणाले, "देवाक इचारूया. कौल घेवया."

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कोणी विहीर खणत नाही, की घराचा पाया घालत नाही. मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव होय म्हणाला, डावी पडली तर नाही. दीक्षा आली नाही. ती म्हणाली, "देवाक तरी मालदीव खंय असा ता म्हायत असा काय?" आम्ही दोघंच सकाळी आंघोळ करून देवळात गेलो.

गुरवांनी लग्नाचे, जमिनीचे, हरवलेल्या म्हशीचेही कौल लावले होते, पण समुद्राच्या तळाचा कधी लावला नव्हता. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे बुडूक जातास? पैशे देवन?" मग पाकळ्या भिजवून लावल्या. दीक्षाच्या बाबांनी हात जोडले आणि सांगितलं, उजवी पडली तर लक्षद्वीप, डावी पडली तर मालदीव.

आम्ही वाट बघितली. समईची वात तडतडली. गाभाऱ्यात ओल्या फुलांचा आणि तेलाचा गार वास होता, बाहेर चिंचेत कावळा ओरडत होता. पाकळ्या हलेनात. गुरवांनी पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा सांगितलं. काही नाही. माझे पाय भरून आले. शेवटी गुरव वैतागले.

"वसंता, असो खंय कौल असता?" ते दीक्षाच्या बाबांना म्हणाले. "हय काय बाजार असा, ह्या घेव काय त्या घेव म्हणूक? देवाक एकच इचारूचा. होय काय नाय. तुझ्या मनात काय असा ता एकच सांग."

दीक्षाच्या बाबांनी तोंड उघडलं. मला ऐकू आला तो प्रश्न, त्यांनी न विचारलेला. चेडू थांबतला काय? एवढाच. एका पाकळीचा प्रश्न. ते मूर्तीकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. मनात म्हटलं, विचार बाबा, आणि लगेच म्हटलं, नको विचारू. देव होय म्हणाला तर? तर हा माणूस घरी जाऊन लेकीला काय सांगणार, देवाने तुला अडवलं म्हणून?

"चेडवाक सुखरूप ठेव," ते म्हणाले.

"हो सवाल न्हय, ह्यां गाऱ्हाणां," गुरव म्हणाले. पण आवाज मऊ झाला होता. त्यांनी पाकळ्या आपल्या हातांनी काढल्या, नारळ पुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा चेडू सातासमुद्रापार जाता, जाय थंय त्याची राखण कर, त्याच्या वाटेत काय वायट असात तर बाजूक कर, रे म्हाराजा. "व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो. प्रत्येक वाक्याला म्हणालो. शेवटी शेवटी मी एकटीच म्हणत होते, कारण त्यांना म्हणता येत नव्हतं.

परत येताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. दोन्ही बाजूंना काजूची भाटं, वारा नाही, तोच वास. मग माझ्या कानाशी म्हणाले, "मालदीव करूया."

"आणि लक्षद्वीप?"

"घरी हाडूचा आणि परत पाठवूचा? दोनदा कोण रडत बसतलो?"

मी स्कूटर थांबवली नाही. माझे डोळे भरले होते आणि रस्ता नीट दिसत नव्हता, पण थांबवली असती तर आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो असतो. घरी येऊन त्यांनी दीक्षाला सांगितलं, देव मालदीव म्हणाला. तिने माझ्याकडे बघितलं. मी पदराने स्कूटरचा आरसा पुसत राहिले.

तिचा नवा पासपोर्ट आला, तांबड्या कव्हरचा. तिने तो आम्हाला दाखवला आणि तिच्या बाबांनी हातात घेऊन फोटो बघितला. "फोटो बरो इलो असा," म्हणाले, आणि परत दिला. बाकीचे कागद, शिक्के, खेपा सगळं तिने एकटीने केलं. मी लोणच्याच्या बरण्या भरल्या. त्यातल्या निम्म्या वजनामुळे घरीच राहिल्या, आणि अजून खातोय आम्ही ते लोणचं.

आणि मग खरोखरच एक बेट. मोबाइलमध्ये दिसायचं त्याच्यापेक्षा लहान, आणि पाणी त्याहून निळं. मला वाटायचं, फोटोत रंग भरतात. नाही भरत. बेटाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला चालत गेलं तरी पायातली वाळू झाडायच्या आत बेट संपायचं. संध्याकाळी तिघं पाण्यात पाय सोडून बसायचो. दीक्षा तिच्या बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवायची आणि ते अजिबात हलायचे नाहीत, डास चावला तरी. बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून तळाशी जायचा दिवस आधी ठेवला होता, मग एक रिकामा दिवस, मग तिचं विमान आणि आमचं.

होडीतून नेलं. अंगात घट्ट काळा पोशाख, पाठीवर टाकी, तोंडात रबराची नळी. प्रत्येकाबरोबर एक शिकवणारा. मी देवाची नावं घेत उलटी पाण्यात पडले आणि नावं अर्धीच राहिली, कारण खाली इतकं शांत होतं. आपल्याच श्वासाचा आवाज, खुर्र, खुर्र, आमच्या म्हाताऱ्या मांजराचा झोपेत येतो तसा. होडीपासून तळापर्यंत एक दोर सोडलेला. तो धरून खाली जायचं, आणि थोडं थोडं खाली गेलं की नाक दाबून कानातला दाब सोडायचा. दीक्षाने एका हाताने दोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने तिच्या बाबांचा हात.

थोडं खाली गेल्यावर ते थांबले. कानाकडे बोट दाखवलं. शिकवणाऱ्याने त्यांना जरा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. पुन्हा कान. त्यांचा चेहरा काचेतूनही दुखरा दिसत होता. दीक्षाही त्यांच्याबरोबर थांबली, हात न सोडता. आम्ही सगळे तिथेच लोंबकळत होतो, ना वर ना खाली, आणि आजूबाजूने पिवळ्या माशांचा थवा आम्ही जणू दोरच आहोत अशा थाटात चालला होता. मग तिच्या बाबांनी आपला हात सोडवला. तिने घट्ट धरला होता, म्हणून त्यांना तिची बोटं एकेक करून काढावी लागली. आणि तळवा खाली करून दाखवलं, जा. तिने मान हलवली, नाही. त्यांनी डोळे वटारले, लहानपणी ती अभ्यासाला बसली नाही की वटारायचे तसे, आणि पुन्हा तळवा खाली केला. ती गेली.

मी तिच्या मागोमाग गेले. काय काय बघितलं ते विचारू नका, मला सांगता येत नाही. दगड खाणारा तो मासा होता. एक कासव होतं, माझ्या मनातून जायचं तेवढ्याच सावकाश गेलं. जांभळी झुडपं, त्यात शिरणारे-निघणारे इवलेसे जीव, आणि सगळ्यांत पुढे माझी लेक, हात अंगाशी घेऊन, पाय हलकेच मारत, जन्मापासून तिथेच राहत असल्यासारखी. मी थोड्या थोड्या वेळाने मान वर करायची. उजेडात दोर दिसायचा आणि दोराला धरून तरंगणारा एक काळा ठिपका. आमचे बुडबुडे वर वर जात होते, त्याच्या अंगावरून.

मी होडीत चढले तेव्हा ते आधीच वर येऊन बसले होते, खांद्यावर टॉवेल, कानात कापूस. दीक्षा अजून पाण्यात होती, पलीकडच्या बाजूला, शिकवणाऱ्याशी हसत काहीतरी बोलत होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"कान कसो असा?"

"बरो असा."

"वरसून आमी दिसत होतो काय?"

"तू दिसलंस. तू सारखां वर बघी होतंस." ते पाण्याकडे बघत होते. "चेडवान एकदाय वळान बघूक नाय गो."

मी माझा ओला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"बरां झाला," ते म्हणाले. "बघला असता तर कान फुटले तरी मी खाली गेलो असतंय."